डोळा बरणीतच बिघडतो: फिक्सेटिव्हच्या खुणा ओळखून नेत्रगोलाची स्लाइड कशी करावी

रेटिना सुटून मधे आलेली, लेन्सचा चुरा झालेला, कॉर्नियात फटीच फटी. अशी स्लाइड समोर आली की नवखा माणूस आजार शोधायला लागतो. निम्म्या वेळा तो आजार नसतोच. डोळा कोणत्या फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी सडू नयेत म्हणून वापरायच्या द्रवात टाकला, किती वेळानं टाकला नि किती दिवस ठेवला, त्याचा तो हिशेब असतो.

मी मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नमुने सांगली-मिरजेतून येतात, तसे कराड, विटा, जत इकडूनही येतात, बऱ्याचदा एसटीच्या पार्सलनं. यकृताचा किंवा गर्भाशयाचा तुकडा थोडी हयगय सोसतो. डोळा सोसत नाही, कारण त्यात एकाच गोळ्यात चिवट स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच), काचेसारखी कडक होणारी लेन्स, जेलीसारखं व्हिट्रियस (गोळ्यात भरलेला पारदर्शक पदार्थ) आणि ओल्या टिश्यू पेपरसारखी रेटिना असं सगळं शेजारीशेजारी असतं. एकच द्रव चौघांनाही सारखा मानवत नाही. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा.

टप्पा 1: ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारा

फिक्सेटिव्ह कोणतं, हा प्रश्न डोळा निघायच्या आधी सुटला पाहिजे. नंतर द्रव बदलला तरी पहिल्या तासाभरात पेशींवर उमटलेला ठसा पुसता येत नाही.

विचारायचं एवढंच: नेमकं काय बघायचंय? मुलाच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमाचा (रेटिनाच्या कॅन्सरचा) संशय असेल, मोठ्या माणसात मेलॅनोमाचा (रंगद्रव्याच्या पेशींच्या कॅन्सरचा) असेल, किंवा पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी लावून पेशीतली प्रथिनं ओळखायची तपासणी) वा जनुकांची तपासणी लागण्याची शक्यता असेल, तर बफर केलेलं 10% फॉर्मॅलिन. दुसरा विचार करू नका. बुआँच्या द्रवातलं (हे दुसरं फिक्सेटिव्ह, कृती टप्पा 2 मध्ये) पिक्रिक ॲसिड नि आम्ल डीएनएची वाट लावतात, आणि तो डोळा पुन्हा मिळणार नसतो. प्रश्न फक्त रेटिनाच्या रचनेचा असेल, म्हणजे संशोधन, प्राण्यांवरच्या चाचण्या किंवा शिकवायच्या स्लाइड, तर डेव्हिडसनचा द्रव सरस ठरतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी करायची असेल तरच ग्लुटराल्डिहाइड. ते फार हळू आत शिरतं, त्यामुळे अख्खा डोळा त्यात टाकून उपयोग नाही. शिवाय त्यातले मोकळे अल्डिहाइड पीएएस रंगात (साखरयुक्त पडदे गुलाबी करणारा रंग) सगळीकडे गुलाबी झाक देतात.

जुन्या पुस्तकांत पाऱ्याच्या क्षाराचा झेंकरचा द्रव डोळ्यासाठी सुचवलेला दिसेल. पारा विषारी आहे, त्याचा कचरा टाकायचा कुठे हा प्रश्न आहे. तो सोडून द्या.

टप्पा 2: द्रव ताजा आणि मोजून बनवा

*बफर केलेलं 10% फॉर्मॅलिन, 1 लिटर:* बाजारात मिळणारं 37 ते 40% फॉर्मॅल्डिहाइड 100 मिली, डिस्टिल्ड पाणी 900 मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) 4 ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम. पीएच 7 च्या आसपास आला पाहिजे.

*डेव्हिडसन, 1 लिटर:* 95% अल्कोहोल 330 मिली, फॉर्मॅल्डिहाइड 220 मिली, डिस्टिल्ड पाणी 335 मिली, आणि शेवटी ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 115 मिली. याची सौम्य आवृत्तीही चालते. 100 मिलीला फॉर्मॅल्डिहाइड 30, अल्कोहोल 15, ॲसिटिक ॲसिड 5, पाणी 50.

*बुआँ:* पिक्रिक ॲसिडचं संपृक्त पाणी 750 मिली, फॉर्मॅल्डिहाइड 250 मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 50 मिली.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक: "10% फॉर्मॅलिन" म्हणजे बाटलीतल्या द्रवाचा दहावा हिस्सा, त्यात खरं फॉर्मॅल्डिहाइड साधारण 4% असतं. हे न कळल्यामुळे कोणी ते अडीचपट दाट करतो, तर कोणी आधीच पातळ करून ठेवलेल्या कॅनमधून घेऊन त्यात पुन्हा नऊपट पाणी ओततो. दुसऱ्या प्रकारात डोळा बरणीत सरळ सडतो, आणि झाकण उघडलं की पहिलं नाकाला कळतं.

दुसरी चूक, बफरची पुडी न घालणं. साधं फॉर्मॅलिन ठेवल्या ठेवल्या आंबट होत जातं, आणि आंबट फॉर्मॅलिन रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून तपकिरी-काळे कण बनवतं. बाकीच्या अवयवांत ते कण नुसते त्रासदायक असतात. डोळ्यात मुळातच मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य भरलेलं, त्यामुळे तिथे ते सरळ फसवतात.

> थांबा: पिक्रिक ॲसिड कोरडं झालं की स्फोटक होतं. बाटलीत ते कायम पाण्याखाली असलं पाहिजे. टोपणाच्या आट्यांत पिवळी पूड वाळलेली दिसली तर टोपण फिरवू नका, बाटली आहे तिथे सोडा आणि जबाबदार माणसाला बोलवा.

> तपासा: थंडीत फॉर्मॅल्डिहाइडच्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो साका बसला म्हणजे वरच्या द्रवाची ताकद कमी झालेली असते. महत्त्वाच्या नमुन्याला अशी बाटली वापरू नका.

टप्पा 3: डोळा निघाल्यापासून बरणीत पडेपर्यंत

रक्तपुरवठा तुटला की रेटिनाच्या पेशी काही मिनिटांत फुगायला लागतात. पुढचं सगळं काम उत्तम केलं तरी ही मिनिटं परत येत नाहीत.

एकदा एका थिएटरमधून फोन आला. मदतनीस म्हणाला, "ओ सर, डोळा काढून दोन तास झाले, पण बर्फात ठेवलाय, काय काळजी करू नका." त्यानं मनापासून काळजी घेतली होती. पिशवी उघडली तर डोळा बर्फाला चिकटलेला. स्लाइडवर रेटिनात जाळीसारखी भोकं नि लेन्सला आरपार तडे. पेशीतलं पाणी गोठलं की त्याचे स्फटिक होतात, ते वितळल्यावर मागे नुसत्या पोकळ्या उरतात. ताजा डोळा बर्फावर थेट ठेवायचा नाही. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळायचा नाही, कारण कॉर्नियाचं वरचं आवरण गॉजला चिकटून निघतं. सलाइनमध्ये भिजत घालायचा नाही. सरळ फिक्सेटिव्हमध्ये टाकायचा.

1. रुंद तोंडाची बरणी घ्या. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिमी व्यासाचा, 6 ते 7 मिलीचा असतो. नियमानं दहा ते वीसपट द्रव लागतो, पण मी 150 मिलीच्या खाली जात नाही.
2. बरणीच्या तळाला गॉजची घडी घाला. डोळा काचेवर टेकून राहिला तर टेकलेली बाजू कच्ची राहते आणि चपटीही होते.
3. चरबी-स्नायू लागलेला डोळा वर तरंगतो. त्यावर द्रवात भिजवलेला गॉज ठेवा, म्हणजे तो बुडून राहील.
4. बाहेरची जादा चरबी द्रवाला अडवते, म्हणून ती काढावी असं पुस्तकं सांगतात. प्राण्याच्या डोळ्याला ते ठीक. माणसाच्या डोळ्यात गाठीचा संशय असेल तर कशालाही कात्री लावू नका. कडा पॅथॉलॉजिस्टला बघायच्या असतात.
5. बरणीच्या अंगावर लिहा: डावा की उजवा, द्रवाचं नाव, बुडवल्याची वेळ. झाकणावर नाही. झाकणं बदलतात.

> थांबा: द्रव लवकर आत शिरावा म्हणून ताज्या डोळ्याला चीर देऊ नका, खिडकी पाडू नका. आतला दाब गेला की गोळा बसतो, व्हिट्रियस बाहेर येतं आणि येताना रेटिनाला सोबत ओढतं.

सुईनं व्हिट्रियसमध्ये फॉर्मॅलिन सोडायची पद्धत काही ठिकाणी आहे. हात बसलेल्या माणसानं केली तर रेटिनाला फायदा होतो. गाठीच्या डोळ्यात मात्र नाही, सुईच्या वाटेनं पेशी बाहेर येतात.

टप्पा 4: वेळ पाळा

फॉर्मॅलिन तासाला अंदाजे 1 मिमी आत जातं, पुढे पुढे वेग कमी होतो. नुसतं आत पोहोचणं म्हणजे फिक्स होणं नव्हे, प्रथिनांची बांधणी व्हायला आणखी वेळ लागतो. अख्ख्या डोळ्याला किमान 24 तास, मी 48 देतो. सर्जननं घाई केली तरी देतो.

डेव्हिडसनमध्ये 24 तास, फार तर 48. त्यानंतर डोळा बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये किंवा 70% अल्कोहोलमध्ये हलवायचा. हलवायचं विसरलं की ॲसिटिक ॲसिड कोलॅजन (स्क्लेरा-कॉर्नियातले चिवट तंतू) फुगवत राहतं. बाहेरगावाहून पाठवायचं असेल तर आधी फॉर्मॅलिनमध्ये हलवा आणि मगच पार्सल करा. अल्कोहोलनं भरलेली बरणी एसटीच्या डिकीत ठेवणं धोक्याचं आहे.

बुआँमध्ये 6 ते 24 तास. जास्त झालं की लेन्स विटेसारखी.

फॉर्मॅलिनमध्ये जास्त राहिलं तर? 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलावर पाण्याची पातळी रोज चढत होती, रस्ते बंद, आणि आमच्याकडच्या बरण्या होत्या तिथेच राहिल्या. साध्या तपासणीला त्यातलं काही वाया गेलं नाही. फॉर्मॅलिनची ही मोठी सोय आहे. पण आठवडे-महिने गेले की इम्युनोचे रंग फिके पडत जातात आणि लेन्स कापताना ब्लेडला दाद देत नाही.

> तपासा: 24 तासांनी झाकण उघडून बघा. द्रव लालसर किंवा गढूळ झाला असेल तर ओतून नवा भरा. गोळा बोटाला पिकलेल्या द्राक्षासारखा मऊ लागला तर अजून वेळ द्या. फॉर्मॅलिनमधला डोळा डेव्हिडसनमधल्याइतका घट्ट कधीच होत नाही, हे लक्षात ठेवून अंदाज घ्या.

टप्पा 5: धुणं, बघणं, कापणं

फॉर्मॅलिनचा डोळा नळाच्या हळू धारेखाली धुवा, मग 60 ते 70% अल्कोहोलमध्ये ठेवा. उडालेला रंग बराचसा परत येतो आणि आतलं रक्त, गाठ, पिगमेंट नजरेला उठून दिसतं. बुआँचा डोळा अल्कोहोलमध्येच धुवायचा, आधी 50%, मग 70%, पिवळं सुटायचं थांबेपर्यंत अल्कोहोल बदलत राहायचं. पिवळा अंश उरला तर पुढे रंग नीट बसत नाहीत.

डेव्हिडसनचा डोळा धुतला तरी पांढराच राहतो. कॉर्निया नि लेन्स रश्श्यातल्या माशाच्या डोळ्यासारखी होतात. बाहेरून आतलं काही दिसत नाही, मागून उजेड टाकून सावली बघायची तपासणीही नीट होत नाही. म्हणून डेव्हिडसन वापरायचं ठरलं असेल तर फोटो आणि मोजमापं बुडवण्याआधी घ्या.

कापायच्या आधी दिशा लावा. कॉर्निया उभ्यापेक्षा आडवी जास्त रुंद असते. मागच्या बाजूला ऑप्टिक नर्व्हच्या दोन्ही अंगांना आडव्या रेषेत दोन लांब धमन्यांच्या निळसर रेघा दिसतात. खालचा तिरका स्नायू कानाच्या बाजूला चिकटतो, त्याला कंडरा जवळजवळ नसतो, मांसच थेट स्क्लेराला लागलेलं दिसतं. या तीन खुणा जुळल्या की डावा-उजवा पक्का होतो. बरणीवर लिहिलेल्याशी ताडून बघा. जुळलं नाही तर ब्लेड खाली ठेवा आणि फोन उचला.

रेटिनोब्लास्टोमाचा संशय असेल तर गोळा उघडायच्या आधी ऑप्टिक नर्व्हचं कापलेलं टोक वेगळं काढून वेगळ्या कॅसेटमध्ये टाका. ब्लेडही बदला. आधी गोळा उघडला तर गाठीचे भुसभुशीत कण नर्व्हच्या टोकाला लागतात, आणि नर्व्हपर्यंत कॅन्सर गेला असा भलताच अर्थ निघू शकतो. मुलाचे पुढचे उपचार त्या एका टोकावर ठरतात.

मुख्य काप लांब, नव्या, पातळ ब्लेडनं. मागून पुढे, ऑप्टिक नर्व्हच्या जरा वरून सुरू करून कॉर्नियाच्या कडेच्या आत निघेल असा, एका ओढीत. करवतीसारखं मागेपुढे केलं की रेटिनाला लाटा येतात. दुसरा काप नर्व्हच्या खालून, पहिल्याला समांतर. मधल्या चकतीत कॉर्निया, बाहुली, लेन्स आणि नर्व्ह एका ओळीत आली पाहिजेत.

आतून कट्ट असा आवाज आला किंवा ब्लेड अडली तर थांबा. जुन्या, आकसून गेलेल्या डोळ्यात चक्क हाड तयार झालेलं असतं. तिथे ईडीटीए किंवा फॉर्मिक ॲसिडमध्ये मऊ करून मगच पुढे जा.

टप्पा 6: प्रोसेसिंग आणि मायक्रोटोम

इथे थोडक्यात. प्रोसेसिंग म्हणजे अल्कोहोलनं पाणी काढून, झायलीनमधून नेऊन नमुन्यात मेण भरणं; मायक्रोटोम म्हणजे त्या मेणाच्या ब्लॉकचे पातळ काप (सेक्शन) काढणारं यंत्र. रात्रभराच्या नेहमीच्या प्रोग्रॅमवर बाकीच्या बायोप्सींसोबत डोळा टाकू नका. अल्कोहोल 70% पासून पायरीपायरीनं चढवा, प्रत्येक पायरीला जादा वेळ द्या. एकदम तीव्र अल्कोहोलमध्ये गेली की रेटिना आकसते आणि जागा सोडते. उलट झायलीनमध्ये गरजेपेक्षा जास्त ठेवू नका, लेन्स काच होते. मेणाचं तापमान 60 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. मे महिन्यात सांगलीत बाहेरच 40 असतं, थर्मोस्टॅटवर विसंबू नका, थर्मामीटर लावा.

ब्लॉक ट्रिम करून लेन्स उघडी पडली की तो बर्फाच्या ओल्या लादीवर उपडा ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. आता तो मेणात आहे, इथे बर्फ चालतो. लेन्सनं पाणी प्यायलं की सेक्शन रिबनमध्ये येतं, नाहीतर लेन्सच्या जागी भोक नि ब्लेडवर भुसा. 5 मायक्रॉन, कोटेड स्लाइड, नीट वाळवून. रंगवताना लेन्स सुटून भांड्यात पडली तर बहुतेक वेळा वाळवणं कमी पडलेलं असतं.

एच अँड ई या नेहमीच्या रंगासोबत एक पीएएस कराच. लेन्सची कॅप्सूल नि डेसमेटचा पडदा (कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा) त्यात रेघ ओढल्यासारखे दिसतात.

टप्पा 7: स्लाइडवर आजार कोणता, बरणी कोणती

*सुटलेली रेटिना.* फॉर्मॅलिनमध्ये हे इतकं सर्रास होतं की मी ते धरूनच चालतो. मायक्रोस्कोपच्या मोठ्या लेन्सखाली रेटिनाच्या मागची पोकळी बघा. रिकामी, पांढरी असेल, फोटोरिसेप्टरची (प्रकाश टिपणाऱ्या पेशींची) टोकं शाबूत असतील आणि त्या टोकांना खालच्या थरातले पिगमेंटचे दाणे चिकटून आलेले असतील, तर ती बरणीत किंवा पुढच्या कामात सुटली. पोकळीत गुलाबी द्रव, झडलेली टोकं आणि खालच्या पिगमेंटच्या पेशी फुगून उभट झालेल्या दिसल्या, तर रेटिना रुग्णाच्या डोळ्यातच सुटलेली होती. डेव्हिडसनमध्ये रेटिना बहुधा जागेवर राहते, म्हणून त्यात सुटलेली दिसली तर जास्त गांभीर्यानं घ्या.

तान्ह्या मुलाच्या डोळ्यात रेटिनाच्या पुढच्या कडेला आत वळलेली एक घडी दिसते, लांगची घडी. ती फिक्सेशननं येते. रिपोर्टमध्ये विकृती म्हणून लिहायची नाही.

*कॉर्नियातल्या फटी.* इथे नवखे हटकून उलटं वाचतात. फॉर्मॅलिनमधल्या निरोगी कॉर्नियाच्या थरांत फटी असतातच. फटी नाहीशा होऊन सगळं एकसंध, फिकं दिसलं तर सूज आली असावी असा संशय घ्यायचा. पण डेव्हिडसनमध्ये ॲसिटिक ॲसिडनं कोलॅजन आपणहून फुगतं, तिथे हा नियम लावू नका.

*लेन्सचे तडे.* धारदार कडांचे, कोरडे तडे म्हणजे फिक्सेशन नि ब्लेड. मोतीबिंदूत तंतूंच्या जागी गोल, गुलाबी थेंब दिसतात. तड्यात असे थेंब नसतील तर मोतीबिंदू लिहू नका.

*काळे कण.* पोलराइज्ड प्रकाशात चमकले तर फॉर्मॅलिनचे, मेलॅनिन चमकत नाही. फॉर्मॅलिनचे कण पिक्रिक ॲसिडच्या संपृक्त अल्कोहोलमध्ये स्लाइड ठेवल्यावर निघतात, मेलॅनिन तिथेही तसंच राहतं. मेलॅनिनखाली पेशी झाकल्या असतील तर पोटॅशियम परमँगनेट आणि नंतर ऑक्झॅलिक ॲसिडनं एक जादा स्लाइड ब्लीच करा.

*रक्त.* डेव्हिडसन आणि बुआँमधलं ॲसिटिक ॲसिड लाल पेशी फोडतं. रक्तस्राव नाही असं त्या स्लाइडवरून छातीठोक लिहू नका. डेव्हिडसनमध्ये ऑप्टिक नर्व्हमध्ये पोकळ्याही दिसतात, त्या रोगाच्या समजू नका.

म्हणूनच रिपोर्टमध्ये द्रवाचं नाव आलं पाहिजे. वाचणाऱ्याला बरणी दिसत नसते.

> तपासा: उरलेलं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतलं नाही ना? फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे. रसायनांचा कचरा जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 प्रमाणे वेगळा द्यायचा असतो. कृष्णा खालीच वाहते.

हात बसेपर्यंत: दोन बरण्या, एक बोकड

वाचून हे डोळ्यात बसत नाही. रविवारी सकाळी ओळखीच्या मटणाच्या दुकानात बरण्या घेऊन जा आणि मुंडी सोलताना दोन्ही डोळे मागून घ्या. फेकण्यातलीच वस्तू, कोणी नाही म्हणत नाही. आमच्या दुकानदारानं पहिल्या वेळी विचारलं, "कशाला ओ, रस्सा करताय काय?" आता तो स्वतःच बाजूला काढून ठेवतो.

एक डोळा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा डेव्हिडसनमध्ये, त्याच मिनिटाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवा. एकाची बाहुली अजून आडवी, काळी दिसतेय, दुसऱ्याची पांढऱ्या पडद्याआड गेलेली. बोटानं दाबा, एक नमतो, दुसरा नमत नाही. प्राण्याच्या डोळ्याची चरबी काढायचा सराव इथेच करून घ्या. पुढे दोन्ही एकाच प्रोग्रॅमवर चालवा, एकाच दिवशी रंगवा आणि स्लाइड एकाआड एक बघा.

फक्त एक ध्यानात असू द्या. बोकडाच्या डोळ्यात मागे निळसर-हिरवा चकाकणारा पट्टा असतो, टेपेटम. त्या भागावर रेटिनाखालच्या थराला रंग नसतो. पिगमेंट धुऊन गेलं म्हणून द्रवाला दोष देऊ नका, जरा बाजूला सरकून टेपेटमच्या बाहेरचा भाग बघा, तिथे तो काळा थर सापडेल.